बांगडीचे माप

पहाटेच्या गाडीसाठी बेळगावातल्या अनगोळचे चौथे रेल्वे गेट पडले म्हणजे रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाहनांची रांग लागते. आणि त्या रांगेतल्या एखाद्या रिक्षात, शाल पांघरून, डावा हात मांडीवर जपून ठेवून, चेहऱ्यावर मातकट कळा आलेला एखादा इसम बसलेला दिसला, की हा डायलिसिसच्या पहिल्या पाळीला निघाला आहे हे मला न विचारता कळते. गेली चोवीस वर्षे मी याच लोकांच्या पानात काय पडते आणि काय पडत नाही याची विचारपूस करीत आले आहे. आहारतज्ज्ञ हा माझा हुद्दा. परंतु त्या हुद्द्याचा अर्थ मला पदवीच्या पुस्तकांनी जितका शिकवला, त्याहून कितीतरी अधिक वडगावच्या मागवाल्यांनी, उद्यमबागेतल्या कामगारांनी, निपाणीकडच्या विड्या वळणाऱ्या बायांनी आणि चंदगड-खानापूरच्या शेतकऱ्यांनी शिकवला. त्यांच्यापैकी बरेचसे आज हयात नाहीत. त्यांनी जे शिकवले ते लिहून ठेवावे, एवढाच या लेखनाचा हेतू.

या कामात मी पडले तेव्हा मूत्रपिंडाच्या रुग्णाचा आहार म्हणजे वर्ज्य पदार्थांची यादी, अशीच माझी समजूत होती. रुग्णांच्या घरी गेले की स्वयंपाकघराच्या भिंतीवर, दिनदर्शिकेच्या शेजारी, टाचणीने लावलेला एक तेलकट कागद दिसत असे. मजकूर इंग्रजीत छापलेला, आणि त्याच्या बाजूला घरातल्या शिकलेल्या मुलाने निळ्या शाईने मराठीत लिहिलेले: डाळ बंद, अंडे बंद, दूध बंद, मटण बंद. जणू सरकारी फर्मानच. रक्तातले क्रिएटिनिन प्रथम वाढले त्या वर्षी कोणीतरी तो दिलेला असे. पुढे तीन-चार वर्षांनी मूत्रपिंडे पूर्ण निकामी होऊन डायलिसिस सुरू झालेले असे. पण भिंतीवरचा कागद तोच, आणि घरातली गृहिणी तो देवाच्या पोथीइतक्या निष्ठेने पाळीत असे.

तो कागद लिहिला गेला तेव्हा योग्यच होता. १९४३ साली जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, कांपेन या लहान शहरात, डॉ. विलेम कोल्फ यांनी सॉसेजवर चढवण्याच्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपावर गुंडाळून पहिले व्यवहार्य कृत्रिम मूत्रपिंड उभे केले. १९६० मध्ये सिअॅटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हातात कायमची बसवून एकाच रुग्णाचे रक्त पुन्हा पुन्हा शुद्ध करण्याची वाट मोकळी केली. परंतु ती सोय जगातल्या मोजक्याच शहरांत होती, आणि उरलेल्यांसाठी आहार हाच काय तो आधार होता. १९६४ मध्ये इटलीतील जोव्हानेत्ती आणि माज्जोरे या डॉक्टरांनी दाखवून दिले, की प्रथिने अगदी थोडी, पण उत्तम प्रतीची दिली, तर रक्तातला युरिया कमी राहतो आणि रुग्णाचा त्रास हलका होतो. त्या विचाराचे वंशज म्हणजे आमच्या भिंतीवरचे कागद. यंत्र सुरू होण्यापूर्वी, मूत्रपिंडात थोडाफार जीव आहे तोवर, प्रथिने आटोक्यात ठेवण्याचा सल्ला आजही दिला जातो.

यंत्र सुरू झाले, की हिशेब फिरतो. डायलिसिसच्या जाळीला विष आणि अन्न यांतला भेद कळत नाही. चार तासांच्या एका बैठकीत युरियाबरोबर सहा ते बारा ग्रॅम अमिनो आम्लेही वाहून जातात. शिवाय दर खेपेस रक्ताचा परक्या वस्तूंशी संबंध येतो, अंगात मंद दाह धुमसत राहतो, रक्तातले आम्ल पुरते उतरलेले नसेल तर ते स्नायूंना पोखरते. म्हणून डायलिसिसवरच्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने लागतात. यंत्रापूर्वी त्याला सांगितलेल्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. काल जे पथ्य तारक होते, तेच आज मारक ठरते, आणि हा बदल सांगायला मात्र कोणी त्या भिंतीपाशी जात नाही.

पथ्य हा शब्द ‘पथ’ या शब्दापासून आला आहे. वाटेला धरून असलेले, वाट न सोडणारे, ते पथ्य. आपल्या बोलण्यात मात्र त्याचा अर्थ सोडणे, टाळणे, जीभ आवरणे एवढाच उरला. आजारात माणूस जितके कमी खाईल तितका तो शहाणा, ही आपल्या घराघरांतली श्रद्धा. ती मोडताना मला आधी माझ्याच मनातली मोडावी लागली, आणि त्याचे निमित्त झाल्या दोन हिरव्या बांगड्या.

निपाणीजवळच्या एका खेड्यातून एक बाई आठवड्यातून तीनदा येत असत. वय चाळिशीचे, विड्या वळून संसार केलेला. आमच्या नोंदवहीत त्यांचे कोरडे वजन, म्हणजे यंत्राने जादा पाणी काढून घेतल्यावर शिल्लक राहायला हवे ते वजन, शेहेचाळीस किलो असे लिहिलेले होते, आणि वर्षभर ते शेहेचाळीसच भरत होते. ज्याअर्थी वजन टिकून आहे, त्याअर्थी प्रकृती टिकून आहे, असे मी त्यांच्या कागदावर प्रत्येक महिन्याला निःशंकपणे लिहीत होते. डाव्या हाताला फिश्चुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी, असल्यामुळे त्या हातातल्या बांगड्या त्यांना उतरवाव्या लागल्या होत्या. सवाष्णीला ते फार लागले होते, म्हणून उजव्या हातात दोन हिरव्या काचेच्या बांगड्या त्या आवर्जून ठेवीत. एके सकाळी त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा करायला उजवा हात वर केला, आणि त्या दोन्ही बांगड्या मनगटावरून जवळजवळ कोपरापर्यंत घरंगळल्या. मी पाहते आहे हे ध्यानात येऊन त्या म्हणाल्या, “आधी दोन-सहाच्या भरत होते, ताई. संक्रांतीला कासारणीनं दोन-चाराच्या भरल्या. त्यापण आता सुटतात बघा.”

मी त्यांचा हात हातात घेतला. अंगठा आणि तर्जनी यांच्या मध्ये निरोगी माणसाला मांसाचा जो उंचवटा असतो, तिथे खळगा पडला होता. दंड दोन बोटांच्या चिमटीत येत होता. १९८७ साली टोरांटोच्या वैद्यांनी कुपोषण ओळखण्याची जी साधी पद्धत प्रसिद्ध केली, तीत स्नायू आणि चरबी बोटांनी चाचपून पाहायला सांगितले आहे. ती मी परीक्षेसाठी पाठ केली होती, पण कोणाच्याही हातावर कधी वापरली नव्हती. वर्षभर काट्यावर जे शेहेचाळीस किलो भरत होते, त्यातले मांस झिजून गेले होते आणि त्याची जागा पाण्याने घेतली होती. रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही, असे त्या अलीकडे सांगत. तेही या पाण्याचेच लक्षण होते. डॉक्टरांनी पुढच्या काही बैठकांत सावकाश कोरडे वजन उतरवत नेले, आणि त्यांचे खरे वजन बेचाळीस किलो निघाले. काटा खोटे बोलत नव्हता. त्याला काय विचारायचे, हे मला कळले नव्हते. जे कासारणीला संक्रांतीत कळले, ते मला, पदवी असून, पाच महिन्यांनी कळले.

मग आम्ही त्यांच्या देहाचा जमाखर्च मांडला. गरज रोज निदान पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम प्रथिनांची. जमेच्या बाजूला: सकाळी चहा आणि दोन टोस्ट, दुपारी एक ज्वारीची भाकरी आणि भाजी, रात्री मूठभर भात आणि वरणाचे वरचे पाणी; सारे मिळून वीस ग्रॅमच्या आगेमागे. खर्चाच्या बाजूला शरीराची रोजची झीज, आणि आठवड्यातून तीनदा यंत्राची वसुली. असे दुकान वर्षभर चालले, हेच आश्चर्य. भिंतीवरचा तो जुना कागद त्यांच्याही घरी होता. मी तो काढायला सांगितले, आणि रोज तीन अंड्यांचा पांढरा भाग, दोन्ही वेळेला घट्ट वरणाची एक वाटी, निकामी मूत्रपिंडांना न झेपणारा अन्नातला फॉस्फरस बांधणारी गोळी जेवणासोबतच, आणि भाकरीवर चमचाभर तेल अशी नवी मांडणी केली. अंड्याच्या पांढऱ्या भागात साडेतीन ग्रॅम उत्तम प्रथिने असतात आणि फॉस्फरस नाममात्र. आमच्या रुग्णांसाठी बाजारात याहून स्वस्त आणि निर्धोक जिन्नस मला अजून सापडलेला नाही. महागडी प्रथिनांची पूड मी पूर्वी सहज लिहून देत असे. पहिला डबा घेतला जाई, दुसरा नाही, आणि पैसे नाहीत हे मला सांगायला माणसे लाजत. घरात जे परवडते तेच शेवटपर्यंत टिकते, हा धडा त्या न घेतलेल्या दुसऱ्या डब्यांनी दिला.

दुसरा प्रसंग सांगताना मला आजही जड जाते. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर आयुष्य घालवलेले एक गृहस्थ आमच्याकडे येत. दोन बैठकांच्या मधल्या काळात बाकीच्यांचे वजन अडीच-तीन किलोंनी वाढत असे. लघवी बंद झालेल्या माणसाने जे प्यावे-खावे ते अंगातच साठते. या गृहस्थांचे वजन मात्र कधी आठशे ग्रॅम, कधी किलोभर, याहून अधिक वाढत नसे. आम्ही सर्वांदेखत त्यांचे कौतुक करीत असू. पाणी कसे आवरावे ते यांच्याकडून शिका, असे मी स्वतः शेजारच्या खाटांवरच्या लोकांना कितीदा तरी म्हटले होते. ते संकोचून हसत. सात-आठ महिन्यांत ते इतके वाळले, की सुई टोचायला दंडाखाली उशी द्यावी लागे. रक्तातले अल्ब्युमिन, म्हणजे पोषणाचा अंदाज देणारे प्रथिन, घसरून २.९ वर आले. आणि पावसाळ्यात छातीचा साधा संसर्ग झाला, तो त्यांना झेपला नाही.

काही आठवड्यांनी त्यांच्या पत्नी कागदपत्रांसाठी आल्या. काम आटोपल्यावर त्या माझ्यासमोर बसून राहिल्या आणि म्हणाल्या, “त्यांना भूक लागायची, बाई. पण वजन वाढलं तर दवाखान्यात मान खाली घालावी लागेल, म्हणून आदल्या दिवशी जेवायचेच नाहीत. मीपण आग्रह केला नाही. तुम्ही सगळे त्यांना शाबासकी देत होता ना.”

त्या वाक्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच त्याला माझ्याकडे जबाब नव्हता. आम्ही पाण्यावरून रागावत होतो, आणि ते भाकरी सोडत होते. जो पोटभर जेवतो त्याचे वजन थोडेफार वाढणारच, कारण भातात पाणी आहे, भाजीत पाणी आहे. आवरायचे ते मीठ, ज्याने तहान लागते. खर्डा, लोणचे, पापड, फरसाण यांवर बोलायचे सोडून आम्ही एका आकड्याची पूजा केली, आणि एका सज्जन माणसाने त्या आकड्यापुढे आपला घास ठेवला. त्या दिवसापासून मी कोणाच्याही कमी वाढलेल्या वजनाचे कौतुक केलेले नाही.

पुढे २००८ मध्ये या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी अंग झिजण्याच्या या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले, ज्याला मराठीत प्रथिन-ऊर्जा क्षय म्हणता येईल. आणि हा क्षय नुसत्या कमी खाण्याने होत नाही, दाह, आम्ल, मधुमेह, मनाची उभारी जाणे ही सारी त्याची कारणे आहेत, असे स्पष्ट केले. डायलिसिसवरच्या रुग्णांत किंचित स्थूल माणसे कृश माणसांपेक्षा अधिक जगतात, हे अनेक देशांच्या नोंदींतून दिसून आले आहे. कोलेस्टेरॉल उतरले म्हणून आनंदाने अहवाल दाखवायला येणाऱ्या रुग्णाला मी आता आधी विचारते, की जेवण कमी झाले आहे का.

परंतु शास्त्राने सांगितलेल्या कारणांखेरीज आमच्या सीमाभागाची म्हणून काही कारणे आहेत, आणि ती कोणत्याही रक्ततपासणीत उमटत नाहीत. निपाणी बेळगावपासून पाऊणशे किलोमीटर; आडगावातला माणूस पहाटे पाचला उपाशीपोटी निघतो, चार तास यंत्रावर काढतो, गळून गेलेल्या अंगाने पुन्हा बस धरतो, आणि घरी पोचेपर्यंत दिवस कलतो. घरची चूल एकदा निवलेली असते, आणि त्याच्यासाठी ती पुन्हा पेटवा म्हणायचा त्याला संकोच वाटतो. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस अघोषित उपवास, आणि त्यावर ठरलेले घोषित उपवास निराळे. बायकांचे तर विचारूच नये. सर्वांची पाने वाढून झाल्यावर जे उरेल ते जेवायचे, ही रीत आजारपणातही सुटत नाही. आणि ज्या घरात यंत्रामागे आधीच इतका पैसा चालला आहे, तिथे स्वतःसाठी अंडे उकडून खाणे तिला चोरीसारखे वाटते. “जेवाण नको झालंय बघा,” असे ती म्हणते तेव्हा त्यात तोंडाला आलेली कडवट चव किती आणि मनावरचे ओझे किती, हे उलगडायला अर्धा तास तिच्याजवळ बसावे लागते.

श्रद्धेशी कसे बोलावे, हेही मला उशिरा उमगले. खानापूर तालुक्यातले एक माळकरी शेतकरी होते. अंडे खा म्हणून आम्ही एकामागून एक इतक्यांनी त्यांना सांगितले, की त्यांनी आमच्याशी बोलणेच सोडले. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला “बरं आहे” एवढेच उत्तर. एका दुपारी मी वही बाजूला ठेवून त्यांना वारीबद्दल विचारले. ते पाऊण तास बोलले, आणि बोलता बोलताच कळले, की एकादशीला ते शेंगदाणे घातलेली साबुदाण्याची खिचडी, रताळी आणि बटाटे असा फराळ करतात. मागच्या आषाढीनंतर त्यांच्या रक्तातले पोटॅशियम धोक्याच्या पातळीला का पोचले होते, ते कोडे त्या क्षणी सुटले. आमच्या बेळगावची रताळी प्रसिद्ध. पण जो पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही अशा देहाला ती हृदय थांबवण्याइतकी जड पडू शकतात. मी त्यांना उपवास सोडा म्हटले नाही. तुमच्या गावच्या कीर्तनकार बुवांना एकदा विचारा, एवढेच म्हटले. पुढच्या खेपेस ते स्वतःच म्हणाले, “बुवा म्हणाले, औषध म्हणून घेतलेल्या अन्नाने व्रत मोडत नाही.” मग अंड्यावाचूनचा मार्ग निघाला: टांगून पाणी काढलेला चक्का, मुगाचे घट्ट वरण, थोडे पनीर, आणि जेवणाबरोबर न चुकता गोळी. माळ गळ्यात राहिली आणि मांसही अंगावर राहिले.

खा म्हणणे म्हणजे वाटेल ते खा म्हणणे नव्हे, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचे. पालेभाजीलाही तोच नियम. शहाळे आजाऱ्याला मायेने आणले जाते, पण आमच्या रुग्णांसाठी त्यात फार पोटॅशियम असते. आणि गोवा-कोकणाकडून येणारे करमळ हे पाच कंगोऱ्यांचे आंबट फळ तर त्यांनी तोंडालाही लावू नये. त्यातले विष निकामी मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही, आणि न थांबणाऱ्या उचकीपासून झटके येण्यापर्यंत अनर्थ होतो. आता मी जो कागद देते त्यात या गोष्टी खालच्या बाजूला आहेत. वरच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत, काय खायचे ते लिहिले आहे. एका अंगाला मराठीत, दुसऱ्या अंगाला कन्नडमध्ये, आणि माथ्यावर तारीख, म्हणजे कागद जुना झाला की घरच्यांना कळावे.

यंत्रावर असताना खाण्याचीही सोय आम्ही हळूहळू सुरू केली. ज्यांचा रक्तदाब मध्येच उतरतो त्यांना ती वर्ज्य. बाकीच्यांनी पहिल्या-दुसऱ्या तासात थोडेसे खाण्याने बहुधा बिघडत नाही, हे डॉक्टरांनी एकेका रुग्णाला पारखून ठरवले. दोन अंड्यांचा पांढरा भाग, मीठ न घालता, वर मिरपूड आणि लिंबाचे दोन थेंब. विशेष हे, की जे घरी एकटे खात नव्हते ते इथे चौघांच्या सोबतीने खाऊ लागले. शेजारच्या खाटेवरचा माणूस खातो आहे हे पाहूनच पुष्कळांना भूक आठवते.

या साऱ्याने चमत्कार झाले असे मी म्हणणार नाही. अल्ब्युमिन महिन्या-महिन्यांनी तिळातिळाने सरकते, आणि एखाद्या तापात दोन आठवड्यांत सगळी कमाई वाहून जाते. कित्येकांना आम्ही उशिरा पाहिले, आणि क्षय एका मर्यादेपलीकडे गेला की अन्न समोर असूनही शरीर ते स्वीकारत नाही. निपाणीकडच्या त्या बाई मात्र पुढे सहा वर्षे जगल्या. नव्या मांडणीनंतर दहा महिन्यांनी एकदा त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. दोन-चाराच्या बांगड्या फोडून काढाव्या लागल्या होत्या आणि दोन-सहाच्या भरताना कासारणीला साबण लावावा लागला होता. मी त्यांच्या कागदावर वजनाखाली ते माप लिहिले. तेव्हापासून माझ्या पिशवीत शिंप्याची एक टेप असते, आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाच्या दंडाचा घेर मी मोजून लिहिते.

वजनाचा काटा दाराशीच आहे, आणि रुग्ण आत आला की पहिले पाऊल त्याच्यावर ठेवतो. पूर्वी आम्हीही पहिला प्रश्न काट्याकडे पाहूनच विचारीत असू. आता मी काट्याकडे पाठ करून उभी राहते आणि विचारते, “काल रात्री काय जेवलात?” काहीजण “जेवलो की” म्हणून वेळ मारून नेऊ पाहतात. मग मी भाकरी किती, वरण किती, कोणाबरोबर बसून, असे विचारत जाते. आणि त्याचे पुरते उत्तर मिळेपर्यंत वहीत वजनाचा आकडा लिहीत नाही.